पितळी कर्णे

युसूफ वडगाव,
८ सप्टेंबर

नंदू,

अक्षराकडे लक्ष देऊ नकोस. डाव्या हातानं लिहून बघते आहे. मेंदूला चांगलं असतं, असं कुठंतरी वाचलं होतं.

घरातले सगळे नंबर तू बंद करून टाकलेस. मी म्हाळूच्या मोबाईलवरून लावून पाहिला, तोही बंद. मग केजच्या साडीच्या दुकानातून लावला, तर माझा आवाज ऐकून तू फोन ठेवलास. म्हणून पत्र. तेही फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी तरी वाचतो. पत्ता शेडमधल्या खोक्यावर मिळाला. तुझा तो कॅमशाफ्ट ज्यातून आला होता, ते खोकं. कोइमतूरच्या ज्या वर्कशॉपला तू सारखे प्रश्न विचारायचीस, तिथंच गेली असणार हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

इकडे सगळे बरे आहेत. सोयाबीन काढणीला आलं आहे. तुझ्या दादाला येत्या जिल्हा परिषदेला उभं करायचं बाबांनी ठरवलंय, त्यामुळे ओट्यावर चपला मावत नाहीत आणि चहाचं पातेलं खाली उतरत नाही.

एक विचारायचं होतं, सहजच. गाडीचा अ‍ॅक्सिलेटर सोडला आणि तरीही गाडी पळतच राहिली, तर काय बिघडलेलं असतं?

आणि आता तुला राग येईल असं एक सांगते. तू आपल्या जुन्या तांबड्या गाडीच्या इंजिनावर बसवलेली ती काळी पत्र्याची पेटी आता नाही. मी चहा घेऊन शेडमध्ये उभी राहायचे तेव्हा तूच समजावलं होतंस, की आबांच्या वेळी तांबडी दोन नाकपुड्यांनी श्वास घ्यायची, तू मोठे कार्बोरेटर बसवलेस तशी आता चार तोंडांनी घेते, म्हणून तोंडाला रुमाल पाहिजे. ती पेटी म्हणजे रुमाल. तू गेल्यावर बाबांनी पुण्याहून एक माणूस आणला. त्यानं पेटी काढून त्या चार तोंडांवर पितळी कर्णे बसवले. चिंचेनं घासतात. आवाज दुप्पट झाला, असं सगळे कौतुकानं सांगतात. मिरवणुकीत तर बोनटच काढून ठेवतात, लोकांना कर्णे दिसावेत म्हणून.

लोकांना एमजी म्हणजे ती नवी उंच गाडी माहीत. आबांनी हैदराबादच्या कुण्या नवाबाच्या नातवाकडून आणलेली ही बुटकी, दोन दारांची, बिनछपराची गाडीही एमजीच, हे कुणाला पटत नाही. म्हाळूला तर ती अजून तांबडीच आहे, गोठ्यातल्या गाईसारखी.

तू बांधून काढल्यावर पाडव्याला ती पहिल्यांदा सुरू झाली तेव्हाचं मला आठवतं. इंजिन धडधडायला लागलं आणि बाबा म्हणाले, "नंदे, पेढ्याचं ताट आण." तू ताट घेऊन बाहेर आलीस तोवर दादा स्टेअरिंगवर होता, चॅनेलचा माणूस त्याच्यासमोर माईक धरून उभा होता, आणि बाबा सांगत होते, "आमच्या विजयसिंहानं तीन वर्सं खपून बांदली." तुझ्या नखांत ग्रीस होतं. ताट तू तिथंच कट्ट्यावर ठेवलंस.

ते पेढे कुणी खाल्ले, मला माहीत नाही.

अ‍ॅक्सिलेटरचं तेवढं कळव.

तुझी आई


युसूफ वडगाव,
१७ सप्टेंबर

नंदू,

पार्सल मिळालं. उलटंपालटं करून पाहिलं, चिठ्ठी नव्हती. पण खोक्यावर माझं नाव तुझ्या अक्षरात होतं. तेवढा तुकडा मी कापून ठेवला आहे.

आत दोन स्प्रिंगा आणि काळ्या फोमचे चार मोजे. स्प्रिंगा कशाच्या ते मला कळलं नाही, मोजे मात्र कळले. तरी म्हाळूला दाखवले. तो म्हणाला, "वैनीसाहेब, ह्ये तर मुसकं. मळणीला बैलाच्या तोंडाला बांदतोत का न्हाई, तसं. तांबडी लई वढाळ झालीय, नंदूताईला तितं बसून कळलं."

तुला बसल्या जागी कळलं असेल, तर लपवण्यात अर्थ नाही. मी सहज विचारलं नव्हतं.

विसर्जनाची मिरवणूक बाजारपेठेत आली होती. पुढे लेझीमच्या मुली, मागे तांबडी, तिच्या मागे ट्रॅक्टरवर गणपती. पोरं गच्चीवरून परातीच्या पराती गुलाल टाकत होती. बोनट नव्हतंच. त्या चार कर्ण्यांनी गुलाल असा ओढून घेतला, जणू त्यांना तहान लागली होती. मी मारुतीच्या पायरीवर उभी होते. आधी इंजिनाचा आवाज चढला. लोकांना वाटलं, विजूदादा मजा करतोय. शिट्ट्या पडल्या. मी त्याचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, तो मजा करत नाहीये.

गाडीनं उडी घेतली. पूर्वीची तांबडी आबांसारखी होती, उठायचं म्हटलं तरी आधी खाकरायची. तू तिच्यात जे घातलंस त्यानं ती आता अर्ध्या पायावर झेप घेते. ब्रेक मात्र आबांच्याच वेळचे. विजयनं स्टेअरिंग जोरात ओढलं आणि गाडी आडतीच्या समोर रचलेल्या कांद्याच्या गोण्यांत घुसली. लेझीमच्या मुली वळण घ्यायला नुकत्याच बाजूला झाल्या होत्या. आणखी काही त्याबद्दल लिहवत नाही.

घरी आल्यावर बाबांनी सगळ्यांना सांगितलं, गर्दीत विजूचा पाय घसरला. विजयही तेच म्हणाला.  

मोजे मी बाबांना दाखवले.

"हे काय?"

"नंदूनं पाठवलंय. कर्ण्यांवर घालायचं. गुलाल आत जाऊ नये म्हणून."

त्यांनी एक मोजा बोटावर घालून फिरवला. "लोक ज्याच्यासाठी वाकून वाकून बघत्यात, त्येच झाकून ठेवू? नवरीच्या तोंडावर गोणपाट?"

"गुलालानंच परवा..."

"पेट्रोलनं धुऊन घेतलंय सगळं. आन् तिला कावून कळवलं तुमी? तितं बसून घर चालवणार हाय का ती?" मग म्हणाले, "त्या स्प्रिंगा बसवा पाहिजे तर. त्या दिसत न्हाईत."

त्या बसवल्या. विजय आणि म्हाळूनं, वर्कशॉपच्या व्हिडिओत बघून बघून. सोडलेला अ‍ॅक्सिलेटर मागे ओढायला असतात त्या.

आता तुझ्याशी खरं बोलते आहे तर हेही सांगून टाकते. डाव्या हाताचा मेंदूशी काही संबंध नाही. गाडी गोण्यांत रुतली तरी इंजिन ओरडतच होतं, मागची चाकं माती उकरत होती आणि विजय दगडासारखा बसला होता. किल्ली फिरवायचं त्याला सुचलं नाही. मला तर किल्ली आठवलीच नाही. मला तुझा हात आठवला. इंजिन चढवून बघताना तू कार्बोरेटरजवळची ती लहान दांडी बोटानं ढकलायचीस आणि सोडायचीस. मी पायरीवरून धावले आणि ती दांडी मागे ओढली. अडकली होती, जोर लावावा लागला. त्याच्या खालीच सायलेन्सरचे तापलेले नळ असतात, हे मी विसरले. तू तर मला चहाचा कपही तिथं ठेवू द्यायची नाहीस.

मनगटापर्यंत भाजलं आहे. भरतंय. काळजी करू नकोस. काळजी करायचीच असेल, तर दसऱ्याची कर.

आई


युसूफ वडगाव,
२६ सप्टेंबर

नंदू,

तुझी चिठ्ठी आली. तीन ओळी. मी इतक्यांदा वाचल्या की आता कागद न बघता म्हणून दाखवीन. 'स्प्रिंगच्या भरवशावर राहू नका. गुलाल आणि पेट्रोल मिळून खळ होते, ती स्प्रिंगला ऐकत नाही. गाडीच्या पुढे कोण चालणार आहे?'

मला वाटलं होतं, तू विचारशील, गाडी कोण चालवणार आहे.

तर पुढे कोण, ते सांगते. दसऱ्याला देवीची पालखी सीमोल्लंघनाला निघेल. त्याच वेळी विजयची उमेदवारी जाहीर करायची आहे, म्हणून त्यानं तांबडीतून जायचं. बाबांनी जेसीबी सांगितला आहे. त्याच्या खोऱ्यातून फुलं आणि गुलाल सोडणार. आणि गाडीच्या पुढे लेझीमचं पथक. सगळ्यात शेवटच्या रांगेत, म्हणजे गाडीला सगळ्यात जवळ, पथकाची पुढारीण चालत असते, पुढच्या मुलींकडे बघून ताल देत. तू चालायचीस तशी. आता सटवाची स्वप्नाली असते. तिची पाठ गाडीकडे असेल.

तुझ्या तीन ओळींवर विश्वास नव्हता असं नाही. पण बाबांना दाखवायला मला काहीतरी हवं होतं. म्हणून काल दुपारी ते बीडला गेले, तेव्हा मी देवघरातला गुलाल वाटीत घेतला आणि शेडमध्ये गेले. विजयला म्हटलं, बस आणि सुरू कर. म्हाळूनं चाकांपुढे मोठाले दगड लावले.

"काय करायलीस, आई?"

"बघायचंय. किल्लीवर हात ठेव. मी म्हटलं की फिरव."

गाडी सुरू झाली. मी एक चिमूट टाकली, काही झालं नाही. विजय हसला. मग मी त्याला इंजिन चढवायला सांगितलं आणि मूठभर गुलाल त्या चार तोंडांवरून सोडला. तो हवेत राहिलाच नाही, सरळ आत गेला. "सोड," म्हटलं. त्यानं पाय उचलला. मी पाहिलं, पाय पूर्ण वर होता, गुडघा स्टेअरिंगला लागला होता. आवाज उतरला, थोडासाच, आणि तिथं थांबला. मग पुन्हा चढायला लागला. तुझ्या दोन्ही स्प्रिंगा ताणून थरथरत होत्या. दगडाला लावलेली गाडी जागच्या जागी अंग झटकत होती.

"विजय, किल्ली!"

फिरवली. सगळं थांबलं. शेडभर तांबडा धूर आणि वासरं बिथरलेली. म्हाळू म्हणाला, "तांबडीनं देवीचा गुलाल बी पचवला न्हाई." कुणी हसलं नाही.

विजय खाली उतरला नाही. स्टेअरिंगवर कपाळ टेकून बसला. मग म्हणाला, "आई, मी न्हाई बसत म्हणलो तर बाबा काय म्हणतील माहितीय? म्हणतील, गाडीला भेलास, मतदाराला काय तोंड दाखवशील. अन् ते माझ्या एकट्यापुढं न्हाई म्हणायचे, बैठकीत म्हणतील."

"मोजे लपवून बसवू."

"निघताना ते सोता कर्णे पुसतेत. दिसणार न्हाईत व्हय?"

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, "तुमी मुद्दाम मूठ धरून टाकला. आसं कोन टाकतं?"

"दसऱ्याला जेसीबीनं टाकणार आहात."

"चॅनेलवाल्यांना सांगून झालंय. तालुक्याहून मानसं येनार हायेत. आता मी काय सांगू, पोरीनं कोइमतुरावरून न्हाई म्हटलं म्हनून सायबाचा पोरगा चालत आला?"

नंदू, ते वाईट नाहीत. त्यांना दिसत नाही, एवढंच. पण पुढे चालणाऱ्या मुलींना मागचं दिसत नाही आणि यांना पुढचं, यात फार फरक राहिलेला नाही.

तू सांग काय करू. सांगितलं नाहीस तरी मी काहीतरी करेन.

आई


केज,
१ ऑक्टोबर, खंडेनवमी

नंदू,

कुरिअरच्या दुकानात उभी राहून लिहिते आहे. माणूस दुकान बंद करायच्या घाईत आहे, त्याला घरी शस्त्रांची पूजा आहे.

आज आपल्याकडेही झाली. आबांची तलवार, विळे, नांगर, ट्रॅक्टर, आणि सगळ्यांच्या शेवटी तांबडी. तुला माहीत आहे, यंत्राची पूजा घरच्या बाईनं करायची. बोनट काढलेलं होतं. बाबा आणि बाकीची मंडळी हात जोडून, डोळे मिटून उभी. विजय माझ्या शेजारी ताट धरून.

मी इंजिनाला हळद लावली, कुंकू लावलं. कर्ण्यांना फुलं वाहिली. मग ते काळं झाकण, ज्यातून तारा निघतात, डेल्को म्हणायचीस तू, त्यालाही कुंकू लावलं. त्याचे दोन चाप बाजूला केले. तू हे रोज करायचीस. काम संपलं की झाकण उघडून आतला लहानसा तुकडा काढायचीस आणि कुर्त्याच्या खिशात टाकायचीस. एकदा तो माझ्या हातून धुण्यात भिजला, तेव्हा तू केवढी ओरडली होतीस. म्हणालीस, "आई, ह्यो रोटर. ह्यो नसला की तांबडी नुसती पत्र्याची पेटी. म्हणून तर खिशात ठेवते, कुणी चावी फिरवली तरी हलायची नाही."

पट्टी बांधलेल्या हातानं चाप नीट बसेना. तेवढ्यात ताट पुढे सरकलं आणि माझ्या हातावर सावली आली. विजय एक पाऊल पुढे येऊन मंडळींच्या आणि माझ्या मध्ये उभा राहिला होता. त्याचे डोळे उघडे होते. त्यानं मोकळ्या हातानं झाकण दाबलं, मी चाप लावला. रोटर ताटात, झेंडूखाली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

खणाच्या तुकड्यात गुंडाळून पाठवते आहे. घरात ठेवला तर शोधतील, आणि मला खोटं बोलता येत नाही, डाव्या हाताचं तू पाहिलंसच. इथं दुसरा मिळणार नाही. हा इंग्लंडहून यायची तू किती वाट पाहिली होतीस.

उद्या काय होईल माहीत नाही. माणूस कुलूप वाजवतोय.

आई


युसूफ वडगाव,
४ ऑक्टोबर

नंदू,

सगळ्या मुली आपापल्या घरी आहेत. हे आधी.

दसऱ्याला चारच्या सुमाराला बाबांनी स्वतः कर्णे पुसले. विजय फेटा बांधून बसला. चावी फिरवली. घुर्र घुर्र झालं, पण गाडी पेटली नाही. पुन्हा फिरवली. जेसीबीवाला खोरं वर घेऊन थांबलेला, स्वप्नालीनं लेझीम वर धरलेली, चॅनेलचा माणूस कॅमेरा लावून. विजय फिरवत राहिला. त्याला माहीत होतं, तरी फिरवत राहिला. घाम त्याच्या फेट्यातून खाली येत होता. म्हाळू मागून म्हणाला, "धाकलं मालक, तिला ऱ्हाऊ द्या. आज तिचा उपास हाय." लोक हसले. बाबाही हसले, पण ते माझ्याकडे बघत होते.

मग विजय उतरला. वहाणा काढून गाडीत ठेवल्या, पालखीचा दांडा खांद्यावर घेतला आणि चालायला लागला. जेसीबीनं गुलाल सोडला, तो सगळा माणसांवर पडला. स्वप्नाली पूर्ण वाटभर शेवटच्या रांगेत चालली. एकदा दगडावरून पाय घसरला आणि ती मागे कोलमडली. मागे पालखी होती, विजय होता. त्यानं तिला एका हातानं सावरलं. मी त्या जागेकडे बघत राहिले. तिथं तांबडी असती.

सोनं वाटून झालं, मंडळी पांगली, तेव्हा बाबांनी मला शेडमध्ये बोलावलं. डेल्कोचं झाकण उघडं होतं. पुण्याच्या त्या माणसाला फोन करून त्यांनी शोधून काढलं होतं.

"कुठंय?"

"माझ्याकडे नाही."

"मी इचारलं, कुठंय."

"जिचा आहे तिच्याकडे पाठवलाय."

मला वाटलं होतं, मी रडेन किंवा ते ओरडतील. ते इतकंच म्हणाले, "सगळ्यांच्या म्होरं माझं हसं केलंत तुमी."

"मीच केलं," म्हटलं. "मला ती पोर गाडीखाली बघायची नव्हती. आणि विजयलाही आयुष्यभर ते बघत बसायला लावायचं नव्हतं."

विजय दारात आला होता. म्हणाला, "झाकण मी दाबलं, बाबा." गावातल्या दहा माणसांपुढे भाषण करताना त्याचा आवाज फाटतो. तेव्हा फाटला नाही.

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवले, पण वाढा म्हणाले नाहीत. ताट पुढे सरकवलं. काल चॅनेलवर पालखीचं दाखवलं. उमेदवार अनवाणी चालला म्हणून बैठकीत कौतुक चाललं होतं. बाबांनी ते ऐकून घेतलं. खूश झाले की नाही, मला ओळखता आलं नाही.

आज सकाळी मी वासरांना पाणी दाखवायला गेले, तर शेडमध्ये कुणीतरी होतं. मला वाटलं म्हाळू. बाबा होते. चष्मा लावून इंजिनावर वाकले होते. तुझे चारही मोजे वासरांच्या गव्हाणीवर ओळीनं ठेवलेले. एक मोजा ते पितळी कर्ण्यावर ओढायला बघत होते. अर्धा चढायचा आणि सटकून हातात यायचा. पुन्हा ओढायचे. कर्ण्याची कड रुंद आहे, तुला मापं कुणी कळवली नव्हती ना.

मी दारातच थांबले. त्यांना माझी चाहूल लागली असावी, कारण मागे न बघताच बोलले.

"हे बसत न्हाई."

मी पाण्याची बादली खाली ठेवली.

"तुमची पत्रं जात्यात ना तिकडं?" मोजा उलटा करून त्यांनी पुन्हा एकदा पाहिला, आणि जपून, घडी घालून गव्हाणीवर ठेवला. "तिला इचारा, कसं बसवायचं."

तर विचारते आहे, नंदू. कसं बसवायचं?

आई